तेलाचा मुक्काम पाणी ठरवते

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, वणी तालुक्यात, उकणी, निलजई, मुंगोली, कोलारपिंपरी अशा उघड्या खाणींतून दगडी कोळसा निघतो. हा कोळसा २५ कोटी वर्षांहून जुना आहे आणि तो गाडल्या गेलेल्या वनस्पतींपासून तयार झाला, हे पाठ्यपुस्तकात असते. खनिज तेलही गाडल्या गेलेल्या जीवांपासूनच तयार होते, हेही असते. तेव्हा एखाद्या चौकस विद्यार्थ्याने विचारले, "आपल्याकडे कोळसा आहे, मग तेल का नाही?" तर त्याला काय सांगायचे?

"आपल्याकडचा खडक वेगळा" हे उत्तर खोटे नाही, पण अर्धेच आहे. उरलेले अर्धे उत्तर शोधू लागलो की आपण विहिरीच्या पाण्यापाशी येऊन पोहोचतो. जमिनीखाली तेल आणि वायू कुठे साठतील, साठल्यावर टिकतील की निघून जातील, हे बऱ्याच अंशी तेथील पाणी ठरवते. हे कसे घडते ते या लेखात आपण पाहणार आहोत. त्यासाठी वर्गात करता येईल असा एक प्रयोगही दिला आहे.

तेलाचे तळे नसते

जमिनीखाली तेलाचे तळे असते आणि त्यात नळी घालून तेल ओढून घेतात, असा मुलांचा (आणि पुष्कळ मोठ्यांचाही) समज असतो. पाण्याविषयीही असाच 'झऱ्याचा' किंवा 'भूमिगत नदीचा' समज असतो. दोन्ही समज एकाच प्रयोगाने दूर होतात. काचेचा पेला कोरड्या वाळूने काठोकाठ भरा आणि त्यात हळूहळू पाणी ओता. 'भरलेल्या' पेल्यात आणखी बरेच पाणी मावते. ते वाळूच्या कणांमधील पोकळ्यांत जाते. भूजल असेच असते आणि तेलही असेच असते.

यवतमाळ जिल्ह्याचा बहुतेक भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून झालेल्या काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. या खडकात कणांमधील पोकळ्या फारशा नसतात. पाणी मिळते ते वरच्या मुरमात, सांध्यांत आणि भेगांत. म्हणूनच एका शेतातील बोअरला पाणी लागते आणि बांधापलीकडचा बोअर कोरडा जातो. वणीच्या बाजूला मात्र बेसाल्टचे आवरण विरळ होऊन संपते आणि कोळशाच्या थरांवरचा कामठी वालुकाश्म उघडा पडतो. हा खडक आपल्या वाळूच्या पेल्यासारखा आहे. त्याच्या कणाकणांमध्ये पाणी राहते आणि त्यातून ते सरकूही शकते.

आता तेलाकडे वळू. समुद्राच्या किंवा मोठ्या सरोवराच्या तळाशी बारीक चिखलात सूक्ष्म जीवांचे अवशेष गाडले जातात. त्यावर थरांवर थर साचत जातात. खोली वाढते तशी उष्णता वाढते. सुमारे ६० ते १२० अंश सेल्सियस तापमानात लाखो वर्षे शिजत राहिल्यावर त्या अवशेषांचे तेल बनते. आणखी तापल्यास वायू बनतो. वरच्या थरांच्या भाराखाली चिखल दाबला जातो आणि त्यातील तेल शेजारच्या सच्छिद्र खडकात ढकलले जाते. पण हे नवे घर रिकामे नसते. त्यातील प्रत्येक पोकळी आधीच पाण्याने भरलेली असते. तेलाचा पुढचा सगळा प्रवास या पाण्यातूनच होतो.

तेल पाण्याहून हलके, म्हणून ते वर चढू लागते. वर शेलसारखा घट्ट, पाणी न झिरपणारा थर आडवा आला की थांबते. तो थर कमानीसारखा वाकलेला असेल तर कमानीच्या माथ्याखाली तेल गोळा होते. सर्वांत वर वायू, त्याखाली तेल आणि त्याखाली पाणी. भूशास्त्रात अशा कमानीला अपनती म्हणतात. अमेरिकन भूवैज्ञानिक आय. सी. व्हाइट यांनी १८८५ साली हा विचार ठामपणे मांडला आणि कमानी शोधून तेथे विहिरी खोदण्यास सुरुवात झाली. आपल्याकडे १९७४ साली 'सागर सम्राट' या जहाजाने मुंबई हाय येथे तेल शोधले. तेथेही समुद्रतळाखालील चुनखडकाचा मोठा उंचवटा आणि त्यावर शेलचे झाकण आहे.

पण एक अडचण होती. कित्येक सुंदर कमानींत खोदल्यावर नुसते पाणीच लागत असे. काही ठिकाणी तेल होते, पण माथ्यावर नव्हते. ते एका बाजूच्या उतारावर सरकलेले होते. असे का व्हावे?

पाणी उभे नसते

भूजल स्थिर असते असे आपण धरून चालतो, पण ते चालत असते. फ्रान्समधील दिजों शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम केलेले अभियंते आंरी दार्सी यांनी १८५६ साली वाळूतून जाणाऱ्या पाण्याचा नियम प्रसिद्ध केला. वाळूच्या दोन टोकांना पाण्याच्या पातळीत जितका फरक जास्त, तितके पाणी जास्त वाहते. वाळू जितकी जाडीभरडी, तितकेही ते जास्त वाहते. दोन टोकांमधील अंतर वाढवले की प्रवाह कमी होतो.

हा नियम आपल्या विहिरींनाही लागू आहे. एकाच जलधर खडकातील चार-सहा विहिरींमधील पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून मोजली, तर ती सगळीकडे सारखी नसते. ज्या बाजूला पातळी उतरते त्या बाजूला पाणी चाललेले असते. यवतमाळच्या पठारावर मुरलेले पाणी अशाच उतारांनी उत्तरेला आणि पूर्वेला वर्धेकडे, तर दक्षिणेला पैनगंगेकडे जात असते. पावसाळा संपल्यावरही बेंबळा, अडाण, अरुणावती यांच्या पात्रांत जे पाणी दिसते, त्यात या झिरपून आलेल्या पाण्याचा वाटा असतो.

खोलवरच्या खडकांत हा वेग फार कमी असतो. वर्षाला एक सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण त्या वेगाने १० लाख वर्षांत पाणी १० किलोमीटर जाते, आणि भूशास्त्रात १० लाख वर्षे हा थोडाच काळ आहे. अशा सरकत्या पाण्यात तेलाला कमानीखाली उभे राहायचे असते.

गवंड्याच्या नळीचा प्रयोग

गवंडी दोन भिंतींची पातळी जुळवण्यासाठी पाण्याने भरलेली पारदर्शक प्लॅस्टिकची नळी वापरतात. तशी आठ-दहा मिलिमीटर आतील व्यासाची, सुमारे दीड मीटर लांब नळी घ्या. दोन रुंद पातेली पाण्याने भरून टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. नळी पाण्याने पूर्ण भरा. आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. नळीची दोन्ही टोके बोटांनी बंद करून एकेका पातेल्यातील पाण्यात बुडवा, मग बोटे काढा. मधला भाग खुंटीला किंवा स्टँडला अडकवून उलट्या 'यू' आकाराची कमान करा. माथा पाण्याच्या पातळीपेक्षा चाळीस-पन्नास सेंटिमीटर वर राहू द्या.

आता सुई काढलेल्या सिरिंजने एका टोकातून शेंगदाण्याचे तेल थोडे थोडे आत सोडा. तेल आपोआप चढत माथ्याशी जाते. माथ्याच्या दोन्ही बाजूंना मिळून तेलाची लांबी सुमारे ३० सेंटिमीटर होईल इतके तेल सोडा. दोन्ही पातेल्यांतील पाणी एकाच पातळीत असेल तर तेलाची दोन्ही टोके सारख्याच उंचीवर राहतील. ही आपली तेलाची कमान.

आता डाव्या पातेल्याखाली एक सेंटिमीटर जाडीची वही सरकवा. नळीला बोटाने हलकेच टिचक्या मारा, म्हणजे चिकटलेले तेल सुटेल. डावीकडचे तेलाचे टोक वर चढेल आणि उजवीकडचे खाली उतरेल. दोन टोकांच्या उंचीतील फरक मोजायला सांगा. पातेले उचलले फक्त एक सेंटिमीटर, पण फरक त्याच्या कितीतरी पट येतो. हिशेबाने तो सुमारे १२ सेंटिमीटर यायला हवा. नळीच्या भिंतीला तेल चिकटते म्हणून प्रत्यक्षात थोडा कमी-जास्त येईल. पातेले अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त उचलले, तर सगळे तेल माथा ओलांडून उजव्या बाजूला उतरते आणि शेवटी नळीतून बाहेर पडते. कमान आहे तशीच आहे, पण तेल गेले!

हा बारा पटींचा हिशेब मुलांकडून करून घेण्यासारखा आहे. शेंगदाण्याच्या तेलाची घनता पाण्याच्या सुमारे ०.९२ पट असते. तेलाला वर धरून ठेवणारा जोर असतो तो या दोन घनतांमधील फरकाचा, म्हणजे फक्त ०.०८ चा. उलट डावीकडून ढकलणारे पाणी आपल्या पूर्ण घनतेने, म्हणजे १ ने, ढकलते. १ ला ०.०८ ने भागले की साडेबारा येतात.

उतार पाचपट, दहापट

नेमका हाच हिशेब अमेरिकन भूवैज्ञानिक एम. किंग हबर्ट यांनी १९५३ साली खडकांतील तेलासाठी मांडला. नळीत पाणी फक्त ढकलत होते. खडकात ते तेलाच्या खालून वाहतही असते आणि त्याची पातळी वाटेत हळूहळू उतरत जाते. त्यामुळे तेल आणि पाणी यांच्यामधील सीमा आडवी न राहता प्रवाहाच्या दिशेने खाली कलते. किती कलते, ते असे:

समजा वालुकाश्मातील पाण्याची पातळी दर किलोमीटरला २ मीटर उतरते आहे. खडकातील तेलाची घनता पाण्याच्या ०.८ पट असेल तर घनतांमधील फरक ०.२, म्हणून पट ५. तेल-पाण्याची सीमा दर किलोमीटरला १० मीटर कलेल. तेल जड, म्हणजे ०.९ घनतेचे असेल तर पट १० आणि कल २० मीटर. दाबाखालील वायूची घनता ०.१ धरली तर पट जेमतेम १.१ आणि कल सव्वादोन मीटरच्या आसपास.

आता त्या कमानीचा प्रवाहाकडचा उतार दर किलोमीटरला १५ मीटर आहे असे धरा. हलके तेल कमानीत टिकेल, मात्र माथ्यापासून सरकलेले असेल. जड तेल टिकणार नाही, वाहून जाईल. वायू जवळजवळ माथ्यावरच राहील. कमान तीच, पाणीही तेच, पण तिघांचे मुक्काम तीन. 'कमान आहे पण तेल नाही' आणि 'तेल आहे पण माथ्यावर नाही' या दोन्ही कोड्यांचा उलगडा इथे होतो. अमेरिकेतील वायोमिंग राज्यात डोंगरउतारांवरचे पाणी वालुकाश्मात शिरून खोऱ्याकडे जाते. तेथील काही तेलक्षेत्रांत अशा कललेल्या सीमा प्रत्यक्ष सापडल्या आहेत.

उलटही घडते. जेथे नुसत्या खडकाच्या आकाराने तेल अडले नसते, तेथे वरून खाली येणारे पाणी वर चढू पाहणाऱ्या तेलाला थोपवून धरते. म्हणजे पाणी तेलाला हुसकावते तसेच कोंडूनही ठेवते. म्हणून तेल शोधणारे आता खडकांच्या नकाशाबरोबर पाण्याच्या पातळीचाही नकाशा काढतात.

पाण्याची चव काय सांगते?

हजारो मीटर खोल असलेले पाणी वाहते आहे की थबकले आहे, हे कसे ओळखायचे? त्याची एक खूण म्हणजे पाण्याची चव. पावसाचे पाणी गोडे असते. ते खडकात जितका जास्त काळ राहील तितके क्षार त्यात विरघळतात. चपळ पाणी गोडे राहते, रेंगाळणारे पाणी क्षारयुक्त होते.

विदर्भातील वाचकांना हे नवे नाही. अकोला, अमरावतीकडील पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा सर्वांना माहीत आहे. तेथे पाण्याचा निचरा नीट होत नाही आणि क्षार साठत जातात. आपल्या जिल्ह्यात केळापूर, झरी जामणी भागातील काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण दर लिटरला १.५ मिलिग्रॅम या मर्यादेपेक्षा जास्त आढळले आहे. खडकाशी पाण्याचा दीर्घकाळ संबंध येणे हे त्याचेही एक कारण आहे. खारट पाणी म्हणजे तेलाची खूण, असा अर्थ मात्र मुलांनी काढू नये. थबकलेले पाणी तेल टिकायला मदत करते, तेल तयार करत नाही.

गोडे, वाहते पाणी तेलाला आणखी एका प्रकारे मारक ठरते. पावसाच्या पाण्याबरोबर जिवाणू आणि त्यांना लागणारी द्रव्ये खाली जातात. सुमारे ८० अंश सेल्सियसपेक्षा थंड खडकात हे जिवाणू तेलाचा हलका भाग खाऊन टाकतात आणि मागे डांबरासारखा जड गाळ उरतो. कॅनडातील अथाबास्का येथील डांबरी वाळूचे प्रचंड साठे असेच तयार झाले.

वणीच्या कोळशातला वायू

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वणीचा कोळसा झाला तो नद्या आणि दलदलींच्या काठच्या वनस्पतींपासून. अशा वनस्पतींपासून मुख्यतः कोळसा आणि वायू तयार होतात, तेल कमी. शिवाय वर्धा खोऱ्यातील कोळसा फारसा पक्व नाही. तो पुरेसा खोल गाडला जाऊन तापला नाही, हेच त्यावरून कळते. आणि त्यावरचे वालुकाश्म जमिनीलगत आहेत. पावसाचे पाणी त्यात मुरते आणि नद्यांकडे निघून जाते. तेल भरपूर तयार झाले असते तरी अशा उघड्या, धुतल्या जाणाऱ्या खडकात ते टिकणे कठीणच होते.

वायूची गोष्ट थोडी वेगळी आहे. कोळशात असंख्य अतिसूक्ष्म छिद्रे असतात. एक ग्रॅम कोळशातील छिद्रांच्या आतल्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ एखाद्या वर्गखोलीच्या जमिनीपेक्षा जास्त भरते. कोळसा होताना निर्माण झालेला मिथेन या पृष्ठभागाला चिकटून राहतो. त्याला तसे दाबून धरतो तो भेगांमध्ये भरलेल्या पाण्याचा दाब. दर १० मीटर पाण्याचा दाब सुमारे एक वातावरण, म्हणजे ३०० मीटर खोलीवर सुमारे ३०. सोडावॉटरच्या बाटलीचे झाकण उघडले की दाब कमी होऊन वायू फसफसून बाहेर येतो. तसेच कोळशातील पाणी उपसले की मिथेन सुटतो. येथे झाकणाचे काम पाणी करते. म्हणूनच कोळशाच्या थरातील मिथेन काढण्याच्या विहिरीतून आधी बराच काळ पाणी उपसावे लागते आणि मग वायू येतो. भारतात २००७ पासून पश्चिम बंगालमधील राणीगंज भागात असा वायू व्यापारी तत्त्वावर काढला जातो.

वर्धा खोऱ्यातही ही शक्यता तपासायचे ठरले होते. २००३ च्या दुसऱ्या फेरीत येथील एक क्षेत्र ओएनजीसीला देण्यात आले, पण तेथून व्यापारी उत्पादन झाले नाही. उथळ आणि अपक्व कोळशात वायू मुळात कमी असतो आणि पाण्याचे झाकणही हलके असते. त्यातून पाणी वाहते असेल तर विरघळलेला मिथेन ते बरोबर घेऊन जाते. सगळ्याच उथळ कोळशाची गत अशी होते असे नाही. अमेरिकेतील पावडर नदीच्या खोऱ्यात गोड्या पाण्याबरोबर आलेल्या जिवाणूंनी कोळशापासून नवा मिथेन तयार केला. तो काढताना तेथेही अफाट पाणी उपसावे लागले.

विहिरीवरचा तवंग

अधूनमधून एखाद्या गावात विहिरीवर किंवा नाल्याच्या डबक्यावर इंद्रधनुषी तवंग दिसतो आणि 'तेल लागले' अशी बातमी पसरते. याची परीक्षा सोपी आहे. तवंगात काडी फिरवा. तवंगाचे तुकडे होऊन ते तसेच अलग राहिले, तर तो लोहयुक्त पाण्यातील जिवाणूंनी केलेला पापुद्रा आहे. तवंग लगेच पुन्हा जुळून आला तर ते तेल आहे. पण तेही बहुधा इंजिनाचे किंवा पंपाचे सांडलेले तेल असते. कोळशाच्या भागात बोअरमधून बुडबुडे येत असतील तर मात्र परीक्षेसाठी काडी पेटवून पाहू नये. मिथेन पेट घेतो. बोअरचे तोंड मोकळ्या हवेत ठेवून संबंधित यंत्रणेला कळवावे.

एकाच हिशेबाच्या दोन बाजू

तर त्या विद्यार्थ्याला आपण असे उत्तर देऊ शकतो: तेल साठायला ते तयार करणारा चिखल लागतो, पुरेशी उष्णता लागते, सच्छिद्र खडक आणि त्यावर झाकण लागते, आणि तेलाला राहू देणारे पाणी लागते. मुंबई हायला हे सगळे जुळून आले, वणीला आले नाही.

पण या उत्तराची दुसरी बाजू आपल्या जिल्ह्याला अधिक जवळची आहे. जमिनीखाली कोळसा, वायू आणि पाणी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले नाहीत. एकाला हात लावला की दुसरे हलते. कोळसा काढायचा तर खाण कोरडी ठेवण्यासाठी पाणी उपसावे लागते. वायू काढायचा तरीही पाणीच उपसावे लागते. प्रयोगातील एक पातेले खाली घेतल्यावर काय होईल, ते मुले आता सांगू शकतील: पाणी त्या बाजूला धावेल. उपसा होणाऱ्या खाणीच्या आसपासच्या विहिरींची पातळी उतरते ती याच नियमाने.

खाणींसाठी पर्यावरणविषयक जनसुनावण्या होतात. त्यांत किती कोळसा निघणार, किती जणांना काम मिळणार, हे विचारले जाते. आपले विद्यार्थी उद्या तेथे बसतील तेव्हा त्यांनी आणखी तीन प्रश्न विचारावेत असे आम्हाला वाटते. पाण्याची पातळी आज कुठे आहे? ते कोणत्या दिशेला चालले आहे? उपसा सुरू झाल्यावर त्याची वाट कशी बदलेल? याची सुरुवात शाळेपासून करता येईल. गावातील दहा विहिरी निवडा. दोरीला दगड बांधून दर महिन्याला काठापासून पाणी किती खोल आहे ते मोजा. गवंड्याच्या नळीने शेजारशेजारच्या विहिरींच्या काठांची उंची जोडत जा आणि वर्षभराच्या नोंदींवरून गावातील पाण्याच्या उताराचा नकाशा काढा. तेल शोधणारे करतात ते कामही मुळात हेच आहे.